'झालं' म्हणजे काय

आबाचा शब्द गेला हे ड्रायव्हरला कळलं, तो सुटीचा दिवस होता. बाथरूमचं दार वाऱ्याने आपटलं आणि आबाची बोटं चौकटीत सापडली. चांगलीच चेचली. ड्रायव्हर भांडी घासत होता, तो साबणाच्या हातांनीच धावला. बोटं नळाच्या धारेखाली धरली आणि आबा काय म्हणतो याची वाट बघत राहिला.

आबा काहीच म्हणाला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नखं काळीनिळी होत चालली होती, पण ओठ त्याने असे आवळून धरले होते की ते कडेने पांढरे पडले होते.

"आबा, बोट झालं?" ड्रायव्हरने विचारलं.

आबाने बापाकडे बघितलं नाही. त्याने उघड्या दारातून जेवणाच्या टेबलाकडे बघितलं आणि तोंड आणखी घट्ट मिटून घेतलं.

"बोट झालं ना? खूप झालं?"

नाही म्हणजे नाही. आजवर साधी मुंगी चावली तरी आबाने घर डोक्यावर घेतलं होतं.

आबा हा ड्रायव्हरचा मुलगा. विशी कधीच ओलांडलेली, बापापेक्षा वीतभर उंच. लहानपणी तो खेळण्यांकडे ढुंकूनही बघायचा नाही. हात पाठीमागे बांधून खिडकीशी उभा राहायचा, निवृत्त झालेल्या माणसासारखा. म्हणून त्याच्या आईने त्याला आबा म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. पुढे डॉक्टरांनी ऑटिझम आहे, बुद्धीची वाढही कमी आहे असं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "असू दे. आमचे आबा मोजकं बोलतात, एवढंच."

मोजकं म्हणजे खरंच मोजकं. हाताच्या बोटांवर मावतील एवढे शब्द, तेही त्याने आपल्या पद्धतीने घेतलेले. त्याला 'बस' म्हटलं की तो बसायचा नाही, खिडकीकडे पळायचा. बाप बस चालवतो, तेव्हा बस म्हणजे बस. खाली टेकायचं असेल तर दुसरं काहीतरी म्हणा.

'झालं' हा शब्दही असाच आलेला. कुठलीही आई करते तेच आबाच्या आईने केलं होतं. नखं काढताना, केसांतला गुंता सोडवताना, दवाखान्यात सुई टोचताना ती त्याला कुशीत दाबून म्हणायची, "झालं, झालं, झालं हं!" म्हणजे संपलंच आता, रडू नको. पण आबाला ते संपणं कधी दिसलं नाही. त्याला एवढंच दिसलं की दुखायला लागलं की आई 'झालं' म्हणते. म्हणजे या दुखण्याचं नाव 'झालं'. एके दिवशी त्याने कान धरून "झालं, झालं" म्हणत आईला ओढत आणलं, आणि डॉक्टरांनी बघितलं तर कानात ठणकतं गळू. त्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "आपल्या पोराला दुखतंय हे सांगता येतं! आणखी काय पाहिजे?"

मग घरच्यांनीच शब्द बदलून घेतला. घरात जेवण 'झालं' असं कोणी म्हणायचं नाही. जेवण संपायचं, अंघोळ उरकायची. दुखायचं ते 'व्हायचं'. ड्रायव्हर डबल ड्यूटी करून आला की म्हणायचा, "आज कंबर झाली." बायको म्हणायची, "माझं डोकं झालं, तुमच्या बहिणीचा फोन आला होता." शेवटच्या आजारात तीही हॉस्पिटलमध्ये म्हणायची, "आज खूप झालं." नर्सला वाटायचं, बाई कंटाळली. ड्रायव्हर धावत जाऊन सांगायचा, "अहो, तिला दुखतंय, इंजेक्शन द्या."

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं.

ती गेल्यावर आबाकडे दिवसा कोण बघणार? ड्रायव्हरची ड्यूटी सकाळी सुरू व्हायची आणि तो घरी येईपर्यंत दिवे लागायचे. घरी येऊन अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था होती. त्या संस्थेच्या मॅडम स्वतः घर बघायला आल्या तेव्हा ड्रायव्हरने त्यांना पहिली गोष्ट सांगितली ती हीच. "मॅडम, बाकी काही विसरलात तरी चालेल. हा 'झालं' म्हणाला की त्याला दुखतंय."

"किती गोड!" मॅडम म्हणाल्या.

पहिला मदतनीस आला तो पन्नाशीचा, तब्येतीने भरलेला गृहस्थ. आबा त्याला चिकटला. त्याला 'झालं' कळायचं. दोघं खिडकीशी उभे राहून बसगाड्या बघायचे. मग संस्थेने त्याला दुसऱ्या घरी धाडलं, कारण ते घर त्याच्या घराजवळ होतं. त्यानंतर जो खेळ सुरू झाला तो झाला. आज एक, परवा दुसरा. कोणी दोन आठवडे टिकलं तर खूप. ड्रायव्हर सकाळी बूट घालता घालता प्रत्येकाला सांगायचा, पण कित्येकदा संस्थेचा माणूस यायला उशीर व्हायचा आणि ड्रायव्हर निघून गेलेला असायचा. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवलेली असायची. नवीन माणूस किल्ली घ्यायचा, आत जायचा, झालं, काम सुरू.

मधल्या काळात आबा वाळला. विजारी कमरेवरून घसरायला लागल्या. ड्रायव्हर घरी आल्यावर विचारायचा तर उत्तर ठरलेलं, "जेवलाय काका. पोटभर." रात्री आबा नुसतं दूध प्यायचा, तेही मान एका बाजूला कलती करून. ड्रायव्हरने मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "आई गेल्याचं दुःख आहे काका. या मुलांना दुःख बोलून दाखवता येत नाही, ते असं बाहेर पडतं." डॉक्टरांनी त्याला तपासलं, छाती बघितली, पोट दाबलं आणि तेही तेच म्हणाले. ड्रायव्हरची मोठी बहीण, सगळे तिला आक्का म्हणतात, ती मागच्याच गल्लीत राहायची. तिनेही हेच सांगितलं. ड्रायव्हरला ते पटलं. त्याचा स्वतःचा घास तरी कुठे घशाखाली उतरत होता?

तर आबाची बोटं चेचली त्याच संध्याकाळी आक्का आली. बर्फाची पिशवी, मलम, पट्टी आणि बरोबर तोंडाचा पट्टा.

"अरे, तू बस चालवतोस की बस तुला चालवते? पोरगं मुकं झालं आणि तुला आज कळतंय?"

"आक्का, मला बोलू नकोस. माझं डोकं ठिकाणावर नाहीये."

"ते कधी होतं? बायकोनेच सांभाळलं म्हणून तू इथवर आलास." मग आबाच्या हाताला पट्टी बांधता बांधता तिचा आवाज खाली आला. "उद्या रजा टाक. घरी थांब. जी कोण येईल तिला नीट विचार. भांडू नकोस, विचार."

दुसऱ्या दिवशी संस्थेकडून आलेली मुलगी, गेले दोनेक आठवडे हीच येत होती, जेमतेम आबाच्या वयाची होती. केस घट्ट बांधलेले, पिशवीत स्वतःचा डबा. काका घरात आहेत हे बघून ती जरा बिचकली, पण कामाला लागली. आबाशी बोलताना तिचा आवाज मऊ होता. ड्रायव्हरने मनात म्हटलं, हिच्यावर ओरडायचं नाही.

"ताई, हा तुमच्याशी काही बोलतो का?"

"आता नाही बोलत काका. आधी म्हणायचा."

"काय म्हणायचा?"

"झालं म्हणायचा ना! जेवायला बसवलं, दोन घास खाल्ले की झालं, झालं. मी लगेच ताट उचलायचे. आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिलंच ते सांगतात. जबरदस्ती करायची नाही, माणूस पुरे म्हणाला की थांबायचं. त्याच्या मर्जीचा मान ठेवायचा."

"मग?"

"मग तो ताटाला धरून ठेवायचा. मला कळेना, झालंही म्हणतो आणि ताटही सोडत नाही. माझ्या आधीच्या ताईंनी सांगितलं होतं, त्याला तशी सवय आहे, ओढून घ्यायचं." हे सांगताना तिचा चेहरा उजळला. "पण आता खूप सुधारणा आहे काका! हल्ली झालं म्हणतच नाही. तोंड मिटून बसतो, मग मी हळूहळू भरवते. रडतो थोडा, पण खातो."

ड्रायव्हरला त्या क्षणी टेबल उचलून भिंतीवर आपटावंसं वाटलं. पोराने खायला तोंड उघडलं, दुखलं, म्हणून सांगितलं की दुखतंय. त्यावर यांनी ताट काढून घेतलं. परत भूक लागली, परत खाल्लं, परत सांगितलं, परत ताट गेलं. मग आबा शिकला. या घरात दुखतंय म्हटलं की उपाशी ठेवतात. तेव्हा म्हणायचं नाही. बोटं चेचली तरी म्हणायचं नाही.

"काका, माझं काही चुकलं का?"

"झालं म्हणजे दुखतंय," ड्रायव्हर म्हणाला. "त्याच्या भाषेत. तो तुम्हाला रोज सांगत होता, दुखतंय."

मुलीचा हात तोंडावर गेला. "मला कोणीच नाही सांगितलं हो!"

"मी सांगितलं होतं. तुमच्या मॅडमना."

ती रडायला लागली. तिला समजावत बसायची ड्रायव्हरची तयारी नव्हती. त्याने आबाला उजेडात आणलं, बऱ्याच मिनतवाऱ्या करून तोंड उघडायला लावलं. आतून असा वास आला की तो मागे सरकला. डाव्या बाजूच्या दोन दाढा किडून पोखरल्या होत्या, हिरडी सुजून दाढेवर चढली होती. आई होती तेव्हा ती दात घासून द्यायची, बोट फिरवून बघायची. आता दात कोण घासणार? ज्याची ज्या दिवशी पाळी तो, आणि तोंड उघडलं नाही तर मर्जीचा मान.

दातांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि चष्मा वर केला. "हे महिन्याभराचं तरी दुखणं आहे. एवढ्या वेदनेत हा काही बोलला नाही?"

"बोलला," ड्रायव्हर म्हणाला. "आम्ही मान ठेवला."

डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी बधिर करून एक दाढ काढली, पू काढला. दुसऱ्या दाढेची सूज मोठी होती. ती उतरल्यावर हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल देऊन काढायची म्हणाले. "तोवर औषधं. आणि दुखणं वाढलं की ताबडतोब आणायचं. पू पसरला तर अवघड होईल. दुखतंय का, हे त्याला सतत विचारत राहा."

विचारत राहा! ड्रायव्हर गालात कापूस धरलेल्या आबाला घेऊन तिथून थेट संस्थेच्या ऑफिसात गेला.

ऑफिस चकचकीत होतं. भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो, कुंडीत प्लास्टिकचं झाड. मॅडमनी आबाला बघून दोन्ही हात पुढे केले. "अरे, आबा! काय झालं?"

आबा बापाच्या मागे सरकला.

"तेच विचारायला आलोय," ड्रायव्हर म्हणाला. "झालं म्हणजे काय, मॅडम? तुम्हाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

मॅडमना आठवत होतं. हेच ड्रायव्हरला जास्त झोंबलं. त्या विसरल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. "हो काका, आठवतंय ना. पहिल्या मदतनिसाला मी स्वतः बोलले होते."

"आणि नंतरच्यांना?"

"ते एकमेकांना सांगतात. तशी पद्धत आहे आपली."

"एकमेकांना त्यांनी सांगितलं की ताट ओढून घ्या."

"हे बघा काका, तुमचा राग मी समजू शकते."

"समजू नका. राग माझा आहे, माझ्याजवळ राहू द्या. तुम्ही मला एवढंच सांगा, आमच्या घरी महिनाभर एकच माणूस का येत नाही?"

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. माणसं टिकत नाहीत, काम अवघड आहे, घरं लांब लांब आहेत, सुट्या असतात, आजारपणं असतात. सगळं खरंच असावं. ड्रायव्हरच्या डेपोतही माणसं कमी होती. पण म्हणून गाडीचा ब्रेक लागत नाही हे पुढच्या ड्रायव्हरला न सांगता कोणी चावी देत नव्हतं, आणि दिली असती तर लोकांनी डेपो जाळला असता.

"आमच्या मुलीने तर त्याच्या शब्दाचा आदरच केला काका," मॅडम म्हणाल्या. "तिच्या जागी कोणीही असतं तरी झालं म्हणजे पुरे, असंच समजलं असतं. सगळं जग तसंच समजतं."

"सगळं जग माझ्या घरी येत नाही, मॅडम. तुमची माणसं येतात." ड्रायव्हरचा आवाज आता बाहेरच्या खोलीत जायला लागला होता. "आदर कसला करता? पोराने दुखतंय म्हणून सांगितलं, तुम्ही उपाशी मारलं. वाळला, तर म्हणालात दुःख झालंय. बोलायचा बंद झाला, तर म्हणालात सुधारला! उद्या श्वास घ्यायचा थांबला तर काय म्हणाल, शांत झोपला?"

"आवाज खाली घ्या प्लीज. इथे इतर पालकही आहेत."

"ऐकू द्या की! त्यांच्याही घरी पोरं आहेत. त्यांनीही घरी जाऊन पोरांच्या तोंडात बघावं."

बाहेर बसलेली एक बाई खरंच उठून दाराशी आली होती. मॅडमनी दार लोटून घेतलं. मग त्या अगदी मायेने म्हणाल्या, "आपण त्याला नवीन काहीतरी शिकवू ना. आमच्याकडे चित्रांची कार्डं आहेत. रडका चेहरा दाखवला की दुखतंय. सोपं, सगळ्यांना कळणारं. खरं म्हणजे जुना शब्द जरा गोंधळाचाच होता."

ड्रायव्हरने त्यांच्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांसमोर बायको उभी राहिली, कान धरलेल्या पोराला कडेवर घेऊन दारातून हाका मारत येणारी.

"गोंधळाचा नव्हता," तो म्हणाला. "त्याच्या आईने दिला होता. तो एवढी वर्षं चालला. तुमच्याकडे वर्षही नाही टिकला."

मग मॅडमनी तोच पहिला मदतनीस परत देता येतो का बघते, असं सांगितलं. नक्की काही सांगितलं नाही. दुसरी संस्था या भागात नव्हती, हे त्यांना माहीत होतं आणि ड्रायव्हरलाही.

घरी आक्का वाट बघत होती. ड्रायव्हरने तिला सगळं सांगितलं.

"मी पण म्हटलं ना रे, आईचं दुःख आहे म्हणून," ती म्हणाली.

"सगळेच म्हणाले."

"माझ्या जिभेला काय धाड भरली होती! तोंडात बघायला हात झडले होते का माझे?" ती उठली आणि पाव दुधात कुस्करायला लागली, इतक्या जोरात की दूध वाटीबाहेर उडालं. "उद्यापासून दुपारी मी येणार. त्या पोरीला सांग, मी बसेन समोर. ताटाला हात लावून तर बघू दे कोणाला."

"तुझे गुडघे?"

"गुडघे झालेत. झाले तर झाले."

ते ऐकून आबाने मान वर केली. आक्काच्या तोंडून शब्द सहज निघाला होता, घरच्या अर्थाने. आबा आक्काच्या गुडघ्यांकडे बघत राहिला, मग त्याने समोरची वाटी दोन्ही हातांनी छातीशी ओढून घेतली. दूध शर्टावर सांडलं तरी सोडली नाही.

"नाही रे बाळा, कोणी नेत नाही," आक्का म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

पुढचे दिवस ड्रायव्हरने रजा वाढवून घेतली. सुपरवायझर म्हणाला, "किती दिवस?" ड्रायव्हर म्हणाला, "त्याला विचारून सांगतो." तो आबाला स्वतः जेवायला वाढायचा आणि मुद्दाम म्हणायचा, "आबा, माझा हात झालाय." आणि म्हणता म्हणता आबाच्या ताटात आणखी वाढायचा. झालं म्हटलं की ताट जात नाही, उलट जास्त येतं, हे पोराला दिसावं म्हणून. आक्कासुद्धा दुपारी येऊन तेच करायची. तिचं तर सगळंच झालेलं असायचं, पाठ, मान, टाच. एकदा तिने "माझं कपाळ झालं" म्हटलं तेव्हा ड्रायव्हरला बायको गेल्यानंतर पहिल्यांदा हसू फुटलं, आणि लगेच स्वतःचीच चीड आली.

आबा खात होता. अंग जरा भरायला लागलं होतं. पण एका सकाळी केस विंचरताना कंगवा गुंत्यात अडकला, आणि ड्रायव्हरच्या तोंडून सवयीने गेलं, "झालं, झालं, झालं हं." तसा आबा गर्रकन वळला आणि त्याने आपला मोठा पंजा बापाच्या तोंडावर दाबला. घट्ट. बापाने बोलू नये म्हणून. बापाचं ताट कोणी नेऊ नये म्हणून.

ड्रायव्हर त्या हाताआड उभा राहिला. हात काढायचा प्रयत्न त्याने केला नाही. आलेला राग कुठे नेऊन ठेवावा हे त्याला समजत नव्हतं.

रजा आता संपत आली आहे. पहिल्या मदतनिसाचं काय झालं ते मॅडमनी अजून कळवलेलं नाही. डाव्या बाजूची दुसरी दाढ काढायची राहिली आहे. ती दुखते का, हे आबाने अजून सांगितलेलं नाही.